स्ट्रेंथ फुल आणि तरी सिग्नल गायब? आधी कुठले चॅनल जातात ते लिहून काढा

हॉलमधला सेट-टॉप बॉक्स नीट चालतो पण पीसीवर रात्री ठराविक चॅनल जातात, ही तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा माझा सगळा त्रास डोळ्यासमोर आला. पीसीत डीव्हीबी-एस२ कार्ड (छत्रीचे चॅनल पीसीवर दाखवणारं), गच्चीवर फ्री डिशची छत्री, रेकॉर्डिंगला टीव्हीहेडएंड सॉफ्टवेअर, दिवसभर सगळं व्यवस्थित आणि रात्री आठनंतर काही चॅनलवर ठोकळे येऊन चित्र गोठतं, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप परत सुरू, आणि या सगळ्यात स्ट्रेंथ ९० च्या खाली येत नाही. अगदी हेच. तुम्ही कार्ड बदललंत, ड्रायव्हर दोनदा टाकलात, आता छत्री बदलायची म्हणताय. कृपा करून छत्री बदलू नका अजून. मी बदलली, काडीचा फरक पडला नाही.

छत्रीची दिशा, एलएनबीचं (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा) सेटिंग वगैरे तुम्ही केलेलं दिसतंय, त्यात जात नाही. (मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो, जे माझ्या घरात घडलं तेवढंच सांगतोय. तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकतं.)

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मी स्ट्रेंथ बघत बसलो. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून कार्डापर्यंत एकूण किती ताकद पोचतेय तेवढंच, त्यात उपग्रहाचा सिग्नल किती आणि कचरा किती हे त्या आकड्याला कळत नाही. दुकानदार म्हणाला सिग्नल कमी पडतोय, लाइन अँप्लिफायर लावा, मी लावला, स्ट्रेंथ ९७ झाली आणि चॅनल आधीपेक्षा जास्त जायला लागले. आता कळतं की एलएनबी स्वतःच ५०-६० डेसिबल वाढवून देतो, १५-२० मीटर वायरीला अँप्लिफायरची गरजच नसते, तो बिचारा सिग्नलबरोबर कचराही तेवढाच वाढवतो. बघायचा तो एसएनआर, म्हणजे कचऱ्याच्या तुलनेत सिग्नल किती, आणि तोही टक्क्यांत नाही, डेसिबलमध्ये. ८पीएसके ३/४ (सिग्नल पाठवायची एक पद्धत) असलेल्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे उपग्रहावरून एका फ्रीक्वेन्सीवर येणाऱ्या चॅनलच्या गठ्ठ्याला, साधारण ८ डेसिबल लागतात, त्याच्या जरा खाली गेलं की चित्र खराब होत नाही, सरळ जातंच. म्हणून असं वाटतं की कोणीतरी बटण चालू-बंद करतंय.

कार्ड मी तीनदा सर्व्हिस सेंटरला नेलं. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. पहिल्यांदा १८ दिवस ठेवून घेतलं आणि पावतीवर "टेस्टेड ओके". दुसऱ्यांदा मी हात जोडून सांगितलं की अहो, प्रॉब्लेम रात्रीच येतो आणि ठराविक चॅनललाच येतो, तर काउंटरवरच्या माणसाने सकाळी अकरा वाजता त्यांच्या वायरीला लावून माझ्याकडे स्क्रीन फिरवली, "स्ट्रेंथ फुल आहे बघा साहेब". एसएनआर दाखवा म्हटलं तर म्हणाला आमच्या सॉफ्टवेअरला ते येत नाही. तिसऱ्यांदा तपासणीचे पैसेही घेतले. त्या दोन महिन्यांत आईचे सह्याद्रीवरचे किती कार्यक्रम हुकले, रोज संध्याकाळी ती विचारायची "आज झालं का रेकॉर्ड?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आठ दिवस वहीत लिहून काढलं. वेळ, चॅनल, फ्रीक्वेन्सी, एसएनआर, बास. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसायला लागलं की जाणारे सगळे ११५५० मेगाहर्ट्झच्या वरचे आहेत, खालचा एकही जात नाही. आता गणित बघा. एलएनबी या फ्रीक्वेन्सींमधून ९७५० वजा करून सिग्नल वायरीत सोडतो. म्हणजे ११५५५ ते ११६३० मेगाहर्ट्झवर जे काही आहे ते वायरीतून १८०५ ते १८८० वर येतं. आणि नेमक्या ह्याच पट्ट्यात १८०० मेगाहर्ट्झ बँडचे मोबाईल टॉवर फोनकडे बोलतात. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टॉवर, त्याचं तोंड आमच्या खिडकीकडे. रात्री आठनंतर सगळं गाव फोनवर व्हिडिओ बघतं, टॉवर जोरात चालतो, तो सिग्नल वायरीत घुसतो. म्हणूनच चित्र जायचं तेव्हा स्ट्रेंथ कमी होण्याऐवजी थोडी वाढायची, आणि तेच बघून मी आणि तो काउंटरवाला दोघंही फसलो.

पण चांगल्या वायरीत असं घुसत नाही, कुठेतरी भोक लागतं. ते शोधायला सोपी युक्ती सांगतो. लॅपटॉपवर एसएनआर उघडा ठेवून वायरीचा प्रत्येक जॉइंट हाताने हलवत, दाबत जा. खिडकीच्या चौकटीजवळ केबलवाल्याने दोन वायरी जोडून काळी टेप गुंडाळली होती, ती मुठीत धरली तर ६.१ चा आकडा ९ वर गेला, सोडली की परत खाली. टेप सोडवली तर आत पीळ देऊन बसवलेली पिन (वायरीवर नुसती फिरवून घट्ट करायचा कनेक्टर), जाळीच्या चार तारा कशाबशा टेकलेल्या आणि मधली तार हिरवी पडलेली. मग जॉइंट काढून टाकला, गच्चीपासून कार्डापर्यंत एकसंध आरजी-६ (छत्रीची जाड वायर) टाकली, तिहेरी शील्डवाली, मधली तार पूर्ण तांब्याची (तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची स्वस्त मिळते, ती नको), आणि दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन एफ कनेक्टर (पीळ न देता हत्याराने दाबून बसवायचे). अँप्लिफायर काढला. त्या दिवसापासून आजपर्यंत रात्रीचं जाणं बंद आहे.

माझ्या मते पीळवाल्या पिना विकणंच बंद व्हायला पाहिजे. आणि सेट-टॉप बॉक्सवर चालतं म्हणजे वायर चांगली असं धरू नका, तुमचा बॉक्स हॉलमधल्या दुसऱ्या वायरीवर आहे असं तुम्हीच लिहिलंय.

एक महत्त्वाचं, वायर काढता-लावताना पीसीचा प्लगच काढा. त्या पिनेत एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट असतात, मधली तार जाळीला टेकली तर कार्ड जाऊ शकतं. आणि अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तसं होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

सगळे चॅनल एकदम जात असतील तर मात्र माझी गोष्ट तुम्हाला लागू नाही. पावसात तसं होतं, छत्री आग्नेयेकडे बघते, तिकडे काळे ढग आले की संपलं, त्याला इलाज नाही. पुण्याच्या आसपास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं जातं तेही सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो म्हणून, त्या दिवसांत काही उघडू-बिघडू नका.

तर आठ नाही, चारच दिवस लिहा आणि गेलेल्या चॅनलच्या फ्रीक्वेन्सी इथे टाका. ९७५० वजा करून मी बघतो.