आंब्याच्या पानांचं दसऱ्याचं तोरण दुसऱ्याच दिवशी वाळून जातं. काय चुकतं?

पानांची निवड चुकते. तांबूस, कोवळी पानं दिसायला छान, पण ऊन लागलं की मान टाकतात. गडद हिरवी, हाताला कडक लागणारी जून पानं घ्या. आदल्या संध्याकाळी डहाळीसकट काढून रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी पुसून मगच लावा.

सुई नकोच. पान सुतळीवर घालून दुमडायचं आणि त्याच्याच देठाचं टोक दोन्ही पदरांतून टोचून अडकवायचं. चौकट ३ फुटांची असेल तर सुतळी ५ फूट घ्या. मधला झोळ आणि दोन्हीकडच्या गाठी धरून तेवढी लागतेच.

झेंडू मात्र दाभणाने, हिरव्या बोंडातून ओवा. परतीच्या पावसात भिजलेला झेंडू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. एकदा साताऱ्याच्या मंडईतून मी २ किलो आणला, संध्याकाळपर्यंत निम्मा आतून काळा!

आणि टिकाऊच हवं असेल तर भाताच्या लोंब्या. जावळी-पाटणकडून कुणी येणार असेल तर जुडी मागवा, दाणा भरलेली पण अजून हिरवट. वाळली की सोनेरी होते, दिवाळीपर्यंत दारावर राहते. चिमण्यांनी ठेवली तर.