डेस्कच्या मागे सीसीटीव्ही लावलाय, बॉसला माझी स्क्रीन वाचता येते का? आणि हे कायदेशीर आहे का?

बाणेरच्या ऑफिसात मागच्या भिंतीवर कॅमेरा आला म्हणता, तर आधी गणित बघा. साधा २ मेगापिक्सेलचा, २.८ मिमी लेन्सचा डोम कॅमेरा दहा फुटांवरून सात-साडेसात मीटर रुंदीचा भाग टिपतो. त्यात तुमच्या मॉनिटरच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे पिक्सेल येतात. एक्सेल उघडलंय की यूट्यूब, एवढं कळेल. ईमेल वाचता येणार नाही. कॅमेरा ४के, झूमवाला आणि नेमका खुर्चीमागे असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

कायद्याचं म्हणाल तर कामाच्या जागी कॅमेरा लावायला सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, पण तो प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतो. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी, कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली इथे कॅमेरा म्हणजे थेट गुन्हा, तिथे चर्चाच नको.

एचआरकडे लेखी विचारा: फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आवाज रेकॉर्ड होतो का? ग्राहकांचा डेटा हाताळत असाल तर पासवर्ड टाकताना कीबोर्ड कॅमेऱ्यात येतो हा मुद्दा काढा. कॅमेऱ्याचा कोन लगेच बदलतो बघा!

खरी नजर ठेवायचीच असेल तर कंपनी लॅपटॉपवरच सॉफ्टवेअर टाकते. भिंतीवरचा डोळा बहुतेकदा धाक दाखवायलाच असतो. बँकेची कामं आपल्या मोबाइलवर, आपल्या डेटावर करा.