गेममधलं बोलणं गोळा करून राह्यला तर हे वाच

भाऊ, बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचा स्क्वॉड, म्हणजे टीम, चारच जणाची असते म्हणून काम सोपं वाटते, पण रेकॉर्डिंग लावायच्या आधी चौघाईलेही नीट विचार, आन कोणी अठराच्या खालचा असन तर त्याच्या मायबापाची परवानगी घे, २०२३ च्या डेटा कायद्यातबी तेच लिहून आहे. याच्यात कंटाळा करू नको बावा, गावात एकदा भरोसा गेला का गेला.

बऱ्याच फोनमधी गेमचा माइक चालू असला का स्क्रीन रेकॉर्डिंगमधी आवाज येतच नाही, माह्या पहिल्या तीन मॅच अशाच वाया गेल्या, म्हणून आता बाजूले दुसरा फोन ठेवतो.

आपल्याकडं रेंज मिळते म्हणून पोट्टे पारावरच बसून खेळतात, तवा अर्धं बोलणं माइकवर नसतेच. एकानं "थांब ना बे, झाडामागं हाय" म्हटलं आन दुसऱ्यानं नुसती मान हलवली, तिसऱ्यानं मॅपवर मार्कर टाकला, हे तिन्ही वेळेसकट वहीत लिही. वऱ्हाडी जशी बोलली तशीच लिही, शुद्ध करत बसू नको, "मार ना बे" अन "मार" यात लय फरक आहे.

मंग प्रत्येक वाक्याले खूण दे, माहिती, हुकूम, प्रश्न, चिडचिड. तेच काम दुसऱ्याकडूनबी वेगळं करून घे अन किती जुळते ते कोहेनच्या कप्पानं (योगायोगाचं जुळणं वगळून दोघाईचा मेळ सांगणारा आकडा) काढ, १९६० पासूनची पद्धत आहे. नुसते टक्के मोजू नको, काही खुणा योगायोगानंच जुळतात.