आठवड्याचा हवामान अंदाज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी सिन्नरला शेती करतो. गेल्या आठवड्यात नाशिक जिल्ह्याला ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज आणि पिवळा इशारा होता. इगतपुरीला धो धो कोसळला, आमच्याकडे नुसती भुरभुर. अंदाज चुकला ना?

उत्तर: नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव पर्जन्यमापक केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि पाऊणहून जास्त केंद्रं भिजणार असतील तरच ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’ असताना उरलेली तीन-चतुर्थांश केंद्रं कोरडी राहिली तरी तुमच्या आठवड्याचा अंदाज बरोबरच ठरतो. त्यात इगतपुरी घाटमाथ्यावर आणि सिन्नर पर्जन्यछायेत. म्हणूनच हवामान विभाग नाशिकच्या घाटाचा इशारा वेगळा देतो. तुम्ही घाटाची ओळ सोडून पुढची वाचा.

‘मुसळधार’ हाही मोजमापाचा शब्द आहे: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी. 15.6 ते 64.4 मध्यम, त्याखाली हलका. आणि पिवळा रंग दिसला की मोठा पाऊस, असं धरू नका. सिन्नरसारख्या भागात तो पुष्कळदा विजा आणि ताशी 30-40 किलोमीटरच्या वाऱ्यासाठी असतो. तेव्हा रंगाखालची ओळ वाचायची. बातम्यांत नेमकी तीच गाळलेली असते!

प्रश्न: अंदाजात पाच दिवस पाऊस दिसतोय. सोयाबीन पेरून टाकू का?

उत्तर: पेरणी अंदाजावर करू नका, पडलेल्या पावसावर करा. 75 ते 100 मिमी झाला, ओल खोलवर गेली आणि वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून जमीन पेरणीजोगी झाली, की मगच. पाच दिवसांपैकी पहिले दोन-तीन जास्त भरवशाचे. चौथ्या-पाचव्या दिवसाकडे फक्त कल म्हणून बघा. दर गुरुवारी निघणाऱ्या चार आठवड्यांच्या अंदाजावरून खंड पडण्याची शक्यता कळते, तुमच्या गावातली सर कळत नाही.

तालुक्याचा आकडा तुमच्या शिवाराचा नसतो, म्हणून पाऊस घरीच मोजा. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली निमुळती होते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि वर पट्टी चिकटवा. आता एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, म्हणजेच चौरस मीटरला एक लिटर. कमरेत बारीक असलेली बाटली घेतली की हिशेब बिघडतो. पागोळ्या किंवा झाडाचं पाणी पडेल तिथे ठेवली तर आकडा फुगतो. झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. सरकारी नोंदही साडेआठचीच असते, त्यामुळे 12 तारखेच्या नोंदीतला बराचसा पाऊस 11 तारखेला पडलेला असतो. याच गोंधळावरून पारावर वाद रंगतात.

प्रश्न: फवारणीचा दिवस कसा ठरवावा?

उत्तर: मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. त्यात पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही बघा. फवारल्यावर चार-सहा तास उघडीप लागते. सकाळी वारा शांत असतो, पण पानांवरचं दव सुकू द्या. दुपारनंतर ढग गडगडणार असतील तर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप उघडून ठेवा आणि पाठीवरचा पंप वेळेत उतरवा.