वस्तू मांडून आकडे दाखवताना

सुरुवात एकाच जातीच्या वस्तूंनी करा: सारखी बुचं, सारखी बटणं. राजमा आणि मसूर शेजारी रचलेत, तर दोन्हींचे दाणे वीस-वीस असूनही राजम्याची रांग कितीतरी लांब दिसते आणि बघणाऱ्याचा डोळा फसतो. वेगळ्या वस्तू वापरायच्याच असतील तर सारखी घरं आखा आणि एका घरात एकच दाणा ठेवा. रंगाला एकच अर्थ द्या.

एक वस्तू म्हणजे किती, हे आधी ठरवून बाजूला लिहा. स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेवारी सोपी करून सांगणारे हान्स रोसलिंग यांनी २०१० मध्ये एका खोक्याला शंभर कोटी माणसं मानून जगाची लोकसंख्या समजावली. १९६० साठी तीन खोकी पुरली. मला ही रीत फार आवडते, कारण खोकी कुणीही मोजू शकतं.

फोटो बरोब्बर वरून घ्या; तिरक्या कोनातून मागची रांग आखूड दिसते.