आईबाबांच्या मेंदूच्या पॅकेजसाठी सीनियर सिटिझन स्कीम मोडायची का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाबा ७४, आई ६७, एका लॅबवाल्याने तीन वर्षांचं पॅकेज सांगितलंय, दर तीन महिन्यांनी दोघांची सीआरपी, आयएल-६ वगैरे इन्फ्लमेशनची (शरीरातल्या सुजेची) रक्ततपासणी आणि वर्षातून एकदा मेंदूचा एमआरआय, १ लाख २० हजार आत्ताच भरायचे. त्यासाठी बाबांची पोस्टातली १५ लाखांची सीनियर सिटिझन स्कीम मोडू का, उघडून दीड वर्ष झालंय.

ताई, मोडू नका. या स्कीममधून थोडेसे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं, आणि एक ते दोन वर्षांच्या मध्ये बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे २२,५०० गेले. वर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला जे ३०,७५० बाबांच्या खात्यात पडतात तेही थांबणार. आणि पैसे बाबांचे आहेत, त्यांना विचारलंत का?

आता तपासणीचं. म्हातारपणी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून स्ट्रोक, विसराळूपणा, चालताना तोल जाणं हे सगळं येतं, आणि अशा लोकांच्या रक्तात सुजेचे हे मार्कर वाढलेले असतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तुमची काळजी उगाच नाही. पण सीआरपी हिरड्या सुजल्या तरी वाढतं, सर्दी-खोकल्याने वाढतं, वजन जास्त असलं तरी वाढतं. १० मिग्रॅ/लिटरच्या वर गेलं तर डॉक्टर आधी इन्फेक्शन शोधतात आणि नंतर परत करायला सांगतात. मी पैशाच्या बाजूने एवढंच विचारतो की आकडा वाढलेला आला तर औषध काय बदलणार? स्ट्रोक होऊन गेलेल्यांना सूज कमी करणारं कोल्चिसीन देऊन बघितलं, त्या कॉन्व्हिन्स ट्रायलचा निकाल २०२४ मध्ये आला, फायदा सिद्ध झाला नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याचे एमआरआयमधले पांढरे ठिपकेही साठीनंतर खूप जणांना असतात, लक्षण नसताना दरवर्षी तेच बघण्यासाठी आगाऊ पैसे का भरायचे? डॉक्टरांनी लिहून दिला तर जरूर करा, तेव्हा मी स्वतः म्हणेन पैसे खर्च करा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ वेगळीच आहे, तुम्ही ओघात लिहून गेलात की बाबा बरं वाटलं की बीपीची गोळी सोडतात. ताई, खरा धोका तिथे आहे! या आजारात आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण बीपीच. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात ते ठिपके कमी वाढले (बाबांचं किती ठेवायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील). तर दोन-अडीच हजारांचं दंडाला बांधायचं मशीन घ्या, सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहा, आणि गोळ्यांची स्ट्रिप कधी आणली ती तारीख मागे पेनाने टाका, किती उरल्या बघून लगेच कळतं. आईंची शुगर आणि लिपिडही त्यांच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या, त्याला पॅकेज लागत नाही.

टॅक्स वाचेल असं लॅबवाल्याने सांगितलंय, तर ८०डी मध्ये प्रिव्हेन्टिव्ह चेकअपला ५,००० पर्यंतचीच वजावट मिळते, तीही जुन्या रेजिममध्ये.

स्ट्रोक आला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, त्या वेळी एफडी मोडायला कोण धावणार, म्हणून तुमच्या पगारातून महिन्याला जमेल तेवढं वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाका, लाख-दीड लाख होईपर्यंत. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की थेट १०८. आणि बाबा ७० च्या वर आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असो त्यांना आयुष्मानचं वर्षाला ५ लाखांचं कव्हर मिळतं, आधार घेऊन आयुष्मान ॲपवर वय वंदना कार्ड काढा, या आठवड्यातच. आईंना अजून तीन वर्षं आहेत, त्यांच्यासाठी हेल्थ पॉलिसीचं कोटेशन मागवा, शुगर निघाली तर फॉर्ममध्ये न लपवता लिहा, आणि आलं की मला पाठवा.