देवाने वचन दिलं आहे, तर माझी प्रार्थना अजून का ऐकली जात नाही?

तुम्ही बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकातल्या २९:११ या ओळीचा आधार घेऊन विचारलंय की चांगलं भविष्य देईन म्हणणारा देव दोन वर्षं नोकरीसाठी केलेली प्रार्थना का ऐकत नाही.

त्याच्या आधीची ओळ वाचा, दहावी. हे शब्द बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेले आहेत, आणि मुदत सांगितली आहे सत्तर वर्षांची! तोवर तिथे घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असंही त्याच पत्रात आहे. देवाने वंशाचं वचन दिलेल्या अब्राहामाने हारान हे गाव सोडलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभरचा. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ साली बायबलमधल्या कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आणलं, तेव्हापासून या कथा आपल्याच भाषेत आहेत. तरी त्यातली वाट पाहणं आपण विसरतो.

अमुक तारखेला नोकरी देईन, असं वचन देवाने कुठेच दिलेलं नाही. 'मी तुमच्याबरोबर आहे' हे मात्र दिलं आहे, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळीत. माझा भरवसा त्यावर आहे.

वडील आजारी असताना मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) मी रोज लादाइनीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेला, उभा राहायचो. ते बरे झाले नाहीत. पण त्या रात्रींत मी एकटा नव्हतो, हे मी खात्रीने सांगतो.

राग येत असेल तर बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने म्हणा. 'किती काळ, प्रभू?' ही तक्रारसुद्धा प्रार्थनाच आहे. आणि अर्ज करत राहा.